घास घशाखाली उतरत नाही, तेव्हा : नाशिकच्या कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
सातपूर, अंबड, गोंदे आणि सिन्नर येथील कारखान्यांचे मालक व व्यवस्थापक,
निमा व आयमा या उद्योजक संघटनांचे पदाधिकारी,
कारखान्यांतील वैद्यकीय अधिकारी आणि उपाहारगृहांचे ठेकेदार

स. न. वि. वि.

पन्नाशी ओलांडलेला कामगार "हल्ली घास घशाखाली उतरत नाही" म्हणाला, की ऐकणारा बहुधा त्याचा एकच अर्थ घेतो. मराठीत या शब्दांना काळजीचा अर्थ इतका चिकटलेला आहे की सुपरवायझर विचारतो, "घरी काही झालंय का?" दवाखान्यात याच्या उलट घडते. तिथे पित्ताची गोळी मिळते आणि घरची चौकशी कोणी करत नाही. कधी त्याचा घास खरोखरच अडकत असतो, कधी तो आतून खचलेला असतो, आणि पुष्कळदा दोन्ही एकदम असते. आम्ही दंतवैद्यक, वाचा व गिळण्याचे उपचार, आहार आणि मानसोपचार या क्षेत्रांत काम करतो. आपल्याकडे आमचे मागणे एवढेच आहे: हे वाक्य कानावर आले की एकाच भेटीत तोंड, घसा आणि मन तिन्ही तपासले जावेत, आणि याची सुरुवात कारखान्याच्या आवारात व्हावी.

आधी तोंडाचे पाहू. अक्कलदाढा धरून माणसाला ३२ दात असतात. त्यांतले निदान २० शाबूत असतील तर बहुतेक पदार्थ नीट चावता येतात. जपानमध्ये १९८९ पासून "८० व्या वर्षी २० दात" अशी मोहीम चालते ती याच हिशेबावर. पण नुसती मोजदाद फसवते. वरच्या दाढा सगळ्या आहेत आणि खालच्या नाहीत, अशा तोंडात दात भरपूर दिसतात, पण दळण होत नाही. म्हणून तपासताना एकमेकींवर टेकणाऱ्या दाढांच्या जोड्या मोजा, डावीकडे किती आणि उजवीकडे किती. एका बाजूला एकही जोडी नसेल तर माणूस वर्षानुवर्षे दुसऱ्याच बाजूने चावत राहतो आणि तिथल्या दाढाही लवकर झिजतात.

आपल्या भागात गुटखा आणि सुपारीचा वेगळा विचार करावा लागतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण त्याआधी वर्षानुवर्षे तो खाल्लेली पिढी आज पन्नाशीत आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठर, पांढुरकी होते आणि तोंड उघडेनासे होते. पहिले लक्षण बहुधा तिखट झोंबण्याचे असते. मिसळ आवडीने खाणारा माणूस रस्सा बाजूला सारू लागतो. तपासायला सोपे आहे. आपलीच तीन बोटे उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून पाहायची. दोनच बोटे जात असतील तर दंतवैद्यकाकडे पाठवा. हा विकार कर्करोगाकडे झुकू शकतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारे तोंडातले कोणतेही व्रण, लाल किंवा पांढरा चट्टा याच यादीत धरा.

तिसरी गोष्ट लाळ. भट्टीजवळ किंवा फाउंड्रीत उभे राहणारा मधुमेही माणूस घामाने कोरडा पडतो. त्यातच स्वच्छतागृह लांब असेल आणि प्रोस्टेटचा त्रास असेल तर तो मुद्दाम पाणी कमी पितो. लघवी होण्यासाठी दिल्या जाणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या, आणि झोप, दुखणे किंवा उदासीसाठी दिली जाणारी अमिट्रिप्टिलीन, या सगळ्यांनी तोंड सुकते. सुकलेल्या तोंडात चपातीचा गोळाच बनत नाही, ती टाळूला चिकटते. अशा वेळी दात उत्तम असूनही माणूस "चावता येत नाही" असेच सांगतो. औषधांची यादी पाहिल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून तपासणीला येताना गोळ्यांची पाकिटे घेऊन यायला सांगा. गोळी कोणी स्वतःहून बंद करू नये. डॉक्टर ती बदलून देऊ शकतात किंवा तिची वेळ हलवू शकतात.

आता कवळीबद्दल, कारण इथे कारखान्याचा थेट संबंध येतो. दात काढल्यावर हिरड्या भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्यानंतर पूर्ण कवळीसाठी पाच फेऱ्या होतात: पहिले माप, अंतिम माप, जबडे कसे जुळतात त्याची नोंद, मेणातली चाचणी, आणि प्रत्यक्ष कवळी बसवणे. पुढे टोचणाऱ्या जागा घासून घ्यायला आणखी एक ते तीन फेऱ्या. म्हणजे सहा ते आठ वेळा दवाखाना. कंत्राटी कामगाराला प्रत्येक फेरीला दिवसाचा पगार सोडावा लागला तर तो तिसऱ्या फेरीनंतर येत नाही, किंवा टोचणारी कवळी रुमालात बांधून खिशात ठेवतो आणि हिरड्यांनीच जेवतो. त्याला निष्काळजी म्हणू नका, त्याचा रोजगाराचा हिशेब तसा असतो. या काळात त्याला सलग दुसरी पाळी द्या, म्हणजे सकाळ मोकळी राहील. त्याच्या फेऱ्या अर्ध्या दिवसाच्या भरपगारी सुट्टीत धरा. पंचवटीतले दंत महाविद्यालय आणि सातपूरचे कामगार विमा रुग्णालय अशा ठिकाणी सकाळच्या वेळा आधी ठरवून घेता येतात.

कवळी आली की सगळे संपले असेही नाही. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या सुमारे एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी असतो आणि तिची सवय व्हायला सहा ते आठ आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मऊ खाणे, घास लहान, आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावणे. समोरच्या दातांनी चावा घेतला की मागची बाजू उचलते. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो.

घशाचा भाग अधिक नाजूक आहे आणि चुका इथेच जास्त होतात. गिळण्याच्या क्षणी श्वास थांबतो, कंठ वर उचलला जातो, श्वासनलिका बंद होते आणि अन्ननलिका उघडते. हे सारे सुमारे एका सेकंदात घडते. वयानुसार जिभेची ताकद घटते आणि हा मेळ थोडा सैल होतो. तेवढ्याने आजार ठरत नाही. आजार ओळखायला तीन प्रश्न पुरतात.

पाण्याने ठसका लागतो, की भाकरीने अडकते? पाणी, चहा, ताक यांनी ठसका लागत असेल तर दोष बहुधा घशाच्या स्नायूंत किंवा नसांत असतो. छोटासा, लक्षात न आलेला पक्षाघात किंवा सुरुवातीचा कंपवात त्यामागे असू शकतो. भाकरी, चपाती छातीच्या मधोमध अडकत असेल आणि काही आठवड्यांनी भातही, मग पाणीही अडकू लागले असेल, तर अन्ननलिका अरुंद होत आहे. तिथे दुर्बिणीतून तपासणी तातडीने हवी. दुसरा प्रश्न: जेवत नसतानाही घशात गोळा जाणवतो का, आणि जेवताना उलट बरे वाटते का? असे असेल तर त्यामागे ताण, पित्त किंवा दोन्ही असण्याची शक्यता मोठी. तिसरा प्रश्न वजनाचा. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप उतरले असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो, तर बाकी उत्तरे काहीही असोत, तो मोठ्या रुग्णालयात गेला पाहिजे. तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, थुंकीत रक्त आणि एकाच कानात कळ यांनाही हाच नियम.

"टेन्शन घेऊ नका" हा सल्ला या तीन प्रश्नांआधी कोणीही देऊ नये. अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या माणसाला महिनोन्महिने ताणाचा रुग्ण समजले जाणे, ही आमच्या दृष्टीने या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे.

प्रत्यक्ष चाचणीला उपकरण लागत नाही. कामगाराला ताठ बसवा, पाय जमिनीला टेकलेले. कंठमण्यावर हलके बोट ठेवून त्याला ३० सेकंदांत जमेल तितक्या वेळा लाळ गिळायला सांगा. तीनपेक्षा कमी वेळा झाले तर पुढे पाठवा. तोंड अगदी सुकले असेल तर आधी ओठ-जीभ ओले करू द्या, नाहीतर चाचणी चुकते. मग तीन चमचे पाणी एकेक करून, आणि ते निभावले तर ९० मिली पाणी न थांबता प्यायला द्या. पिताना किंवा नंतरच्या एका मिनिटात खोकला, मध्येच थांबणे, किंवा "आ" म्हटल्यावर पाणी भरल्यासारखा ओला आवाज, यांतले एकही दिसले तर चाचणी तिथेच थांबवा. ही चाचणी डॉक्टर किंवा शिकवलेली परिचारिकाच करील. नुकताच पक्षाघात झालेला, तापाने फणफणलेला, गुंगीत असलेला किंवा आधीच आवाज ओला असलेला माणूस यातून वगळून सरळ रुग्णालयात पाठवायचा. आणि चाचणी पार पडली म्हणजे सर्व ठीक, असे नव्हे. काहींच्या श्वासनलिकेत अन्न जाते आणि ठसकाच लागत नाही. वारंवार ताप, कफ, न्यूमोनिया हीच त्यांची खूण.

ठेकेदार मंडळींनी पुढचा भाग सावकाश वाचावा. चावता न येणे आणि गिळता न येणे या दोन अडचणींना एकच जेवण चालत नाही. दात नाहीत पण घसा चांगला आहे, अशा माणसाने भाकरी पातळ रश्श्यात कुस्करून खाल्ली तर उत्तमच. घसा कमकुवत असलेल्याला तोच काला धोक्याचा, कारण रस्सा आधी घसरतो आणि भाकरी तोंडातच असते. घशाला एकदम दोन गतींचे पदार्थ सांभाळावे लागतात. मिसळीत तर तीन प्रकार एकत्र येतात: पातळ रस्सा, टोचरी शेव आणि मटकीची सुटी सालपटे. कोरडे पोहे आणि चिवडा तोंडात विखुरतात, त्यांचा गोळा होत नाही. साबुदाणा चिकटतो. हंगामात ताटात येणारे अख्खे द्राक्ष गुळगुळीत आणि नेमके श्वासनलिका बंद करील अशा मापाचे असते. ते उभे चिरूनच वाढा.

मग करायचे काय? गिळण्याचा त्रास असणाऱ्यांच्या अन्नासाठी जगभर वापरली जाणारी एक मोजपट्टी आहे. तिच्या "मऊ आणि लहान तुकडे" या पायरीत तुकडा दीड सेंटीमीटरपेक्षा मोठा नको, आणि काट्याने दाबताना अंगठ्याचे नख पांढरे पडेल इतक्या जोरात तो चिरडला जावा, सोडल्यावर पुन्हा फुगू नये. लाल भोपळा, दुधी, वांग्याचे भरीत, मऊ अंडाभुर्जी, घट्टसर वरण आणि दहीभात हे सगळे यात सहज बसते. पिठले बसते, पण गार झाल्यावर नाही. मुगाच्या आसट खिचडीचे ५० माणसांचे प्रमाण असे: तांदूळ अडीच किलो, मूगडाळ अडीच किलो, पाणी २२ ते २५ लिटर. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा, फोडणीत अख्खी मोहरी, मिरे किंवा कढीपत्त्याची पाने ठेवू नका. इतकी डाळ घेतली तर माणशी सुमारे १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. नेहमीच्या प्रमाणात, म्हणजे एक भाग डाळीला तीन भाग तांदूळ घेतले तर, ती बरीच घटतात. खिचडी उभी राहिली की घट्ट, चिकट होते. वाढण्याआधी उकळते पाणी घालून चमच्यात घ्या आणि चमचा तिरका करा: ती एका गोळ्यात घसरावी, चमच्याला चिकटून राहू नये आणि पाण्यासारखी वाहूही नये.

प्रथिनांचा आग्रह का? ज्याला चावता येत नाही तो पहिल्यांदा उसळ, मटण आणि शेंगदाणे सोडतो आणि पेज, चहा-बिस्किटांवर येतो. पोट भरते, स्नायू उतरतात. जीभ आणि घसा हेही स्नायूच, त्यामुळे गिळणे आणखी बिघडते. उतारवयात दर किलो वजनामागे रोज एक ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

चपातीसाठी वेगळा खर्च नाही. किलोभर कणकेला ६५० ते ७०० मिली कोमट पाणी आणि ४० ते ५० मिली तेल, मळून अर्धा तास झाकून ठेवा. सकाळी नऊला भाजून एकला वाढलेली चपाती कडांना पापडासारखी होते, तेव्हा दोन खेपांत भाजा. आणि एक विनंती मनापासून: मऊ पदार्थ सर्वांच्या ताटात ठेवा. "म्हाताऱ्यांची थाळी" अशी वेगळी रांग लावलीत तर ज्याला गरज आहे तोच त्या रांगेत उभा राहणार नाही.

वेळेचे गणित आपण एकदा घड्याळ लावून मोजा. अर्ध्या तासाच्या सुट्टीतून हाताला लागलेले कूलंट (यंत्र गार ठेवणारे द्रव) साबणाने घालवणे, उपाहारगृहापर्यंत चालणे, रांग आणि परतीची वाट वजा केली तर खाण्याला दहा-पंधरा मिनिटे उरतात. दुबळ्या दातांच्या माणसाला त्याच ताटाला दुप्पट वेळ लागतो. मग तो न चावता गिळतो, किंवा अर्धे ताट ठेवून उठतो. त्याला दहा मिनिटे आधी सोडणे हा उपचारच आहे. त्याच घाईत मशिनपाशी पाण्याशिवाय गिळलेली लोहाची, वेदनाशामक किंवा डॉक्सिसायक्लिनची गोळी अन्ननलिकेला चिकटून तिथे व्रण करते. गोळी पेलाभर पाण्याबरोबर, ताठ बसून घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही.

हे सगळे मनापर्यंत कसे पोहोचते? पाळीतली जेवणाची वेळ हीच चार माणसांत बसण्याची एकमेव वेळ. तोंडातून शीत सांडते, ठसका लागतो, कवळी निसटते. या लाजेने माणूस आधी भिंतीकडे तोंड करून बसतो, मग "आज उपवास आहे" म्हणतो, मग डबा तसाच घरी नेतो आणि घरी खोटे सांगतो. बोलणे थांबते, झोप बिघडते, चिडचिड वाढते. दुसऱ्या दिशेनेही हेच चाक फिरते. खचलेला माणूस दात घासायचे सोडतो, तंबाखू वाढवतो, झोपेत दात खातो आणि सकाळी दुखऱ्या जबड्याने उठतो.

मनाची चाचणी दोन प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा आवडीच्या गोष्टींत रस वाटला नाही, असे किती दिवस? उदास, निराश वाटले, असे किती दिवस? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. बेरीज तीन किंवा अधिक असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाची भेट ठरवा. आमची त्यात एक भर आहे: "भूकच लागत नाही, की भूक लागते पण खाता येत नाही?" भूक मेली असेल तर मनाकडे आणि पोटाच्या आजारांकडे आधी पाहा. भूक असून खाता येत नसेल तर तोंड-घशाकडे आधी पाहा. मात्र दुसरे दार त्याच दिवशी उघडायचेच. जगण्याचा कंटाळा आल्याचे कोणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर त्याच्यासमोरच फोन लावा. तिथे मराठीत बोलता येते.

या साऱ्याला माणशी सुमारे आठ मिनिटे लागतात. पन्नाशीपुढचे १०० कामगार असतील तर रोज दहा जण, दहा दिवस, रोज ८० मिनिटे. बॅटरी, हातमोजे, वजनकाटा आणि मापाचा पेला एवढेच सामान. कारखान्यात उपाहारगृह बंधनकारक होण्याची मर्यादा १९४८ च्या कायद्यात २५० हून अधिक कामगारांची होती; २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ती १०० वर आली आणि कंत्राटी कामगारही त्यात मोजायचे आहेत. वार्षिक मोफत आरोग्य तपासणीही त्याच संहितेत आहे. तिला ही आठ मिनिटे जोडायची आहेत, नवा कार्यक्रम आखायची गरज नाही.

निकाल मात्र कामगाराच्याच हातात द्या. व्यवस्थापनाला केवळ आकडे मिळावेत: किती तपासले, किती पुढे पाठवले. उदासीची नोंद कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या कागदांत पोहोचेल, ही शंका आली तरी माणसे सगळ्या प्रश्नांना "नाही" म्हणतील, आणि त्यांचे चुकणार नाही.

उपाहारगृहातल्या निदान दोघांना घास अडकल्यावरचा प्रथमोपचार शिकवा. माणूस जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या, पाणी पाजू नका. आवाज फुटत नसेल, श्वास बंद असेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थपडा, मग पाठीमागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके, आलटून पालटून. शुद्ध हरपली तर जमिनीवर झोपवून छातीवर दाब देणे सुरू करा. दुसऱ्याने १०८ लावायचा.

शेवटी फाटकावरच्या माणसाबद्दल. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन एजन्सीमार्फत पुन्हा पहाऱ्यावर आलेले कितीतरी जण आपल्याच आवारात बारा तासांची पाळी करतात. ते ना आपल्या हजेरीपटावर, ना उपाहारगृहाच्या मोजणीत. रात्री केबिनमध्ये गार चपाती एकटेच खातात, आणि तिथे ठसका ऐकायलाही कोणी नसते. तपासणीची पहिली यादी फाटकापासून करा, रात्रीचे गरम जेवण तिथपर्यंत पाठवा, आणि जेवणाच्या वेळी दोघे पहारेकरी एकत्र बसतील अशा फेऱ्या लावा. तीन प्रश्न, दोन चाचण्या आणि मनाचे प्रश्न असा एक पानी मराठी नमुना आम्ही तयार ठेवला आहे. ज्या कारखान्याला हवा असेल त्याच्या परिचारिकेला तो वापरायला शिकवण्यासाठी आम्ही पाळीच्या वेळेत येऊ.

कळावे,

दंतवैद्यक, वाचा व गिळण्याचे उपचार, आहार आणि मानसोपचार या क्षेत्रांत काम करणारे काही जण
नाशिक